शिवणीतली माया

"आत्या, हा मला होईल का?"

माळ्यावरच्या ट्रंकेतून तात्यांचा कोट काढून पुतण्या माझ्यापुढे उभा होता. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा आणि वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता. भाद्रपद तोंडावर आला होता. महागणपतीच्या उत्सवात रांजणगावात घरोघरी पाहुणे असतात आणि पुतण्याला यंदा त्यांच्यासमोर आजोबांचा कोट घालून मिरवायचं होतं. एरवी तो एमआयडीसीतल्या कारखान्याचा गणवेश घालतो. तिथे भरतीच्या दिवशी एकच प्रश्न विचारतात, "मीडियम की लार्ज?" या कोटावर मीडियमही लिहिलेलं नव्हतं आणि लार्जही.

"घालूनच बघतो," म्हणत त्याने एक हात बाहीत सरकवला. मी त्याला तिथेच थांबवलं.

जुना कपडा आधी मोजायचा, मग अंगात घालायचा. साठ वर्षांचा दोरा नव्या दोऱ्यासारखा ताण सोसत नाही. हात वर करून बाहीत घुसवला की पहिली शिवण काखेत उसवते, आणि शिवण टिकली तर शेजारचं कापड फाटतं. उसवलेलं पुन्हा शिवता येतं. कापड फाटलं तर ठिगळाशिवाय इलाज नसतो. म्हणून मी टेप आणायला उठले आणि त्याला सतरंजी अंथरायला सांगितली.

त्याचा प्रश्न मात्र अस्सल मराठी होता. आपल्याकडे कपडा अंगाला 'होतो', 'येतो' किंवा 'बसतो'. मूल वाढतं, पण आपण म्हणतो शर्ट 'लहान झाला'. बोलताना सगळी जबाबदारी आपण कपड्यावर टाकतो. जुन्या कपड्यांच्या बाबतीत हे बोलणं अगदी शब्दशः घ्यावं. काय होईल आणि काय नाही, हे कपडाच सांगतो. आपण फक्त नीट विचारायचं असतं.

आकड्यावर विसंबू नका

जुना कपडा हातात आला की पहिली सवय म्हणून आपण कॉलरच्या आत बघतो. तिथे आकडा असला तरी त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. बनियनवरचा ९० हा आकडा छातीचे सेंटिमीटर सांगतो. पँटवरचा ३२ कंबरेचे इंच सांगतो. शर्टावरचा ४० कुठे गळ्याचे सेंटिमीटर असतो, तर कुठे छातीचे इंच. एकाच कपाटात तीन आकडे तीन भाषा बोलतात.

तयार कपड्यांचे ठरावीक आकार ही तशी अलीकडची गोष्ट आहे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारने सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेतली, एकेकीची तब्बल ५९. त्या आकड्यांच्या आधारे १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांसाठी प्रमाण आकार जाहीर झाले. कंपन्यांनी ते फार काळ पाळले नाहीत. गिऱ्हाइकाला आपण बारीक आहोत असं वाटावं म्हणून त्या मोठ्या कपड्यावर लहान आकडा छापू लागल्या, आणि १९८३ मध्ये ते प्रमाण मागे घेण्यात आलं. म्हणूनच तिथल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कपड्यावरचा आकडा आजच्या त्याच आकड्यापेक्षा पुष्कळ लहान भरतो.

भारतात बरीच वर्षं परदेशी तक्त्यांवरच भागवलं गेलं. आपल्या अंगयष्टीचा स्वतंत्र तक्ता असावा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला. २०१८ मध्ये त्याची आखणी जाहीर झाली. मुंबईसह सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५,००० माणसांची मापं स्कॅनरने घ्यायची, असा तो बेत होता.

तात्यांच्या कोटाला यातलं काही लागू पडत नाही, कारण तो कुठल्याही आकाराचा म्हणून शिवलेलाच नव्हता. घोडनदीच्या, म्हणजे आजच्या शिरूरच्या, एका शिंप्याने एका माणसाचं अंग मोजून तो शिवला होता. तेव्हा आकार असायचा तो शिंप्याच्या मापाच्या वहीत, नावासमोर ओळीने लिहिलेल्या सात-आठ आकड्यांत. ती वही गेली, तो शिंपीही गेला. पण वहीतले आकडे कोटात जसेच्या तसे शिल्लक आहेत. टेप लावली की ते परत मिळतात.

गज, तसू, वार, इंच

आज आपण कापड मीटरवर घेतो, शिंपी माप इंचात घेतो, आणि साडीला मात्र सहावारी किंवा नऊवारी म्हणतो. तीन काळ आपल्या तोंडात एकत्र नांदतात. इंग्रजी वाराच्या आधी इथे गज होता. गजाचे चोवीस तसू. पण गज गावोगाव बदलायचा. मुंबईकडचा गज २७ इंचांचा होता, म्हणजे तिथला एक तसू सव्वा इंचाहून थोडा कमी. वार मात्र पक्का ३६ इंचांचा. गज हे शिंप्याचं इतकं जवळचं हत्यार होतं, की शिंपी घराण्यातल्या संत नामदेवांच्या गुरुग्रंथसाहिबातल्या पदातही गज आणि कात्री भक्तीची साधनं होऊन आली आहेत.

१९५६ मध्ये वजनामापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत आली. दुकानातला वार गेला. शिंप्याच्या गळ्यातली ६० इंचांची टेप मात्र राहिली, आणि तिच्या मागच्या बाजूला सेंटिमीटर आले.

टेप हातात घेण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढली गेली की लांबते. मुलांच्या कंपासमधली पट्टी तिच्याशेजारी ठेवून ताडून पाहा. 'मापात पाप' नेहमी दुकानदारच करतो असं नाही. जुनी टेपही करते.

सतरंजीवरचा कोट

जुना कपडा मोजायचा तो आडवा पसरून. हँगरला लोंबकळणारा कपडा स्वतःच्या वजनाने ओघळतो आणि खोटं माप देतो. बटणं लावायची, सुरकुत्या हाताने सपाट करायच्या. कापड ताणायचं नाही. मग ही मापं क्रमाने कागदावर उतरवायची.

पहिलं खांद्याचं. एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या बाहीच्या शिवणीपर्यंत, पाठीवरून. दुसरं छातीचं. काखेतल्या शिवणीच्या खाली बोटभर जागा सोडून या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. तिसरं कंबरेचं, कपडा जिथे सर्वांत अरुंद असेल तिथे, तेही दुप्पट. चौथं बाहीचं, खांद्याच्या शिवणीपासून टोकापर्यंत. पाचवं उंचीचं, मानेच्या मागच्या शिवणीपासून खालपर्यंत. सहावं मुंढ्याचं, म्हणजे बाही जिथे जोडलेली असते त्या गोलाचं. हे माप बहुतेक जण विसरतात. छाती आणि खांदा बरोबर असूनही हात वर होत नसेल, तर दोष मुंढ्यात असतो.

पँट असेल तर कंबर, सीट, मांडी, मोरी, म्हणजे पायाच्या टोकाचा घेर, आणि बाहेरची उंची. त्याशिवाय कंबरपट्टीच्या पुढच्या टोकापासून पायांमधल्या जोडापर्यंतची उंचीही मोजायची. जुन्या पँटी बेंबीपर्यंत चढत असत आणि आजच्या पँटी कंबरेच्या बऱ्याच खाली थांबतात. म्हणून ३२ कंबरेची जुनी पँट आजच्या ३२ वाल्याला कधी कधी घट्टही होते. दोघी कंबर म्हणतात, पण अंगावरच्या वेगवेगळ्या जागेला.

आता ही मापं कशाशी ताडायची? आपल्या अंगाशी नव्हे, तर आपल्याला छान बसणाऱ्या दुसऱ्या कपड्याशी. अंगाचं माप घेताना माणूस श्वास रोखतो, पोट आत ओढतो, ताठ उभा राहतो. सतरंजीवर पसरलेला शर्ट यातलं काही करत नाही. पुतण्याला मी त्याचा सर्वांत आवडता शर्ट आणायला लावला आणि कोटाशेजारी पसरला. शर्टाचा खांदा साडेसतरा इंच, कोटाचा सव्वासतरा. पाव इंचाचा फरक. "जमलं," मी म्हटलं, कारण खांदा जमला की निम्मं काम होतं. बाजूच्या शिवणी आत-बाहेर करता येतात, बाही खाली-वर करता येते. खांदा हलवायचा तर बाही उसवा, मुंढा नव्याने कापा, कॉलर सोडवा. म्हणजे कोट नव्यानेच शिवा.

कोटाची छाती साडेवीस, दुपटीने ४१. पुतण्याची छाती ३७. म्हणजे चार इंच सैल.

किती सैल म्हणजे बरोबर?

कपड्याचं माप अंगाच्या मापाइतकंच असेल तर तो कपडा घालता येत नाही. श्वास घ्यायला, वाकायला, जेवायला बसायला जागा लागते. अंगाला लागून बसणाऱ्या ब्लाउजला छातीत एक ते दोन इंच पुरतात. शर्टाला चारेक इंच लागतात. कोट शर्टावर घालायचा असतो, म्हणून त्यालाही चार इंचांच्या आसपास जागा हवी. पँटीला कंबरेत अर्धा-एक इंच पुरतो, सीटमध्ये दोन तरी हवेत, नाहीतर खाली बसता येत नाही.

जुन्या कापडाला यापेक्षा थोडी जास्तच जागा द्यावी. विशेषतः रेशमाला. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेल्या रेशमाचे धागे घडीच्या रेघेवर तुटू लागतात. कपडा उजेडापुढे धरला की या रेघा दिसतात. अशी रेघ नेमकी पाठीवर किंवा कोपरावर येत असेल, तर माप बरोबर असूनही तो कपडा अंगात घालू नये. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण हेच करते. ती कापड उलगडून उजेडाकडे धरते, दोन बोटांत धरून हलकेच ताणते आणि मग पातेल्याची बोली लावते. तिची पारख डोळ्यांत आणि बोटांत असते. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, कपडा घ्यायला उभे राहाल तेव्हा टेपेइतकीच ही पारखही सोबत असावी.

वस्तुसंग्रहालयांत तर एक पाऊल पुढचा नियम आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी आपण जुनी वस्त्रं पाहतो. अशी वस्त्रं पुतळ्यावर मांडायची असतात तेव्हा जगभरचे जाणकार पुतळा कपड्यापेक्षा बारीक घेतात आणि मऊ भरण घालून कपड्याच्या मापाला आणतात. कपड्याला पुतळ्याकडे ओढत नाहीत. घरात जुना कपडा काढताना हेच ध्यानात ठेवावं.

होणारच असे कपडे

आपल्याकडचे कितीतरी जुने कपडे मुळातच एका मापाला बांधलेले नव्हते. बाराबंदीला बटणं नसतात, बंद असतात. पुढचे दोन भाग एकमेकांवर येतात. माणूस पावसाळ्यात हडकला तर भाग जास्त आत जातो, दिवाळीनंतर भरला तर कमी. बंद तेच, गाठ तीच. असा कपडा बंद सोडून उघडा पसरला, तर पूर्ण रुंदी म्हणजे छाती नव्हे. दोन्ही भाग किती एकमेकांवर येतात ते आधी मोजून वजा करायचं.

खणाची जुनी चोळीही पुढे गाठ मारूनच घालत. तिला छातीचं एक ठाम माप नाही, गाठ हेच तिचं माप. तिची बाही मात्र दंडाला घट्ट असे आणि काखेत चौकोनी तुकडा जोडलेला असे, त्यामुळे हात मोकळा राही. आजीची चोळी घालायची हौस असलेल्या मुलींनी म्हणून आधी दंडघेर मोजावा. बहुतेक चोळ्या तिथेच अडतात. पाणी शेंदणाऱ्या, दळण दळणाऱ्या बाईचा दंड पीळदार असला तरी बारीक असे. अर्धा-एक इंच कमी पडत असेल तर बाहीच्या आतल्या शिवणीला त्याच रंगाची अरुंद पट्टी जोडता येते. काठ कापायचा मात्र नाही. चोळीचा जीव काठात असतो.

लुगड्याला शिवणच नाही, पण मोजायचं तेही. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, सहा वार म्हणजे जवळपास साडेपाच. लांबीइतकाच पन्हा, म्हणजे रुंदी, महत्त्वाचा. हातमागावरच्या जुन्या लुगड्यांचा पन्हा आजच्या साड्यांपेक्षा बरेचदा कमी भरतो. उंच मुलीने ते सहावारीसारखं नेसलं तर घोटे उघडे पडतात. नऊवारी काष्ट्याने नेसलं तर तेच लुगडं बेतशीर बसतं, कारण मुळात ते तसंच नेसायला विणलेलं असतं. म्हणून खरेदीआधी तीन मापं घ्यावीत. लांबी, पन्हा आणि आपल्या कंबरेपासून टाचेपर्यंतची उंची.

मुलांचे कपडे तर 'वाढत्या अंगाचे' शिवायचे, हा आपल्या घरांचा शिरस्ताच होता. परकराच्या खालच्या घेराला दोन-तीन आडव्या दुमडी घातलेल्या असत. मुलगी वाढली की दर वर्षी एक उसवायची. कंबरेला नेफा आणि नाडी, त्यामुळे तिथे मापाचा प्रश्नच नाही. जुना परकर मोजताना दिसणारी उंची लिहायची आणि त्यात दुमडीत दडलेले इंच मिळवायचे. सहा-सात इंच सहज निघतात.

आटलेलं कापड

मापात आणखी एक फसगत होते ती पाण्यामुळे. सुती कापड विणताना आणि गिरणीत ताणून गुंडाळताना धागे ओढलेले असतात. पहिल्या धुण्यात ते सैल पडतात आणि कापड आटतं, शंभर इंचांत पाच-सात इंच सुद्धा. १९३० मध्ये सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकी माणसाने कापड गिरणीतच आधी आटवून घेण्याची रीत शोधली. 'सॅन्फोराइज्ड' हा शिक्का तेव्हापासूनचा. शिक्का नसलेलं कापड शहाणी माणसं शिवायच्या आधी पाण्यातून काढत.

म्हणून जुना सुती कपडा मिळाला की आधी विचारावं, हा धुतलेला आहे का? कोरा राहिलेला असेल तर आजचं माप उद्या टिकणार नाही. तो थंड पाण्यात भिजवून, सावलीत आडवा वाळवून, मगच मोजावा. पुष्कळदा धुतलेला असेल तर आटायचं ते आटून झालेलं असतं आणि टेप सांगेल ते खरं.

माया

तात्यांचा कोट जाड सुती ड्रिलचा. कितीदा धुतला असेल त्याची गणती नाही. आटायचा तेवढा आटलेला. पाठीची उंची ठीक भरली. बाही मोजली तर २३ इंच. पुतण्याच्या शर्टाची बाही साडेचोवीस. दीड इंच कमी.

"म्हणजे नाही होणार," तो हिरमुसून म्हणाला.

मी बाहीचं टोक उलटं केलं. कपड्याचं खरं माप आतून कळतं. आत दोन इंच कापड दुमडून बारीक टाक्यांनी टिपलेलं होतं. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या अशा जादा कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. कापड आटलं, अंग भरलं, कपडा दुसऱ्याच्या अंगावर गेला, तर कामी यावी म्हणून ती सोडायची. आज कारखान्यात शिवलेल्या कपड्यात ती बोटाच्या पेराइतकीही नसते, कारण लाखो कपड्यांत तेवढंच कापड वाचतं. जुना कपडा घेताना म्हणून प्रत्येक शिवण उलटून पाहावी. बाजूची, पाठीच्या मधली, बाहीची, पँटीच्या मागची. जितकी माया, तितका तो कपडा अजून आपल्याला होऊ शकतो. बाहेरून मोजलेलं माप आज काय आहे ते सांगतं, माया पुढे काय होईल ते सांगते.

गावातल्या शिंप्याकडे तो कोट नेला. एरवी त्याच्याकडे कारखान्याचे गणवेश आखूड करायला येतात. त्याने बाहीचे टाके ब्लेडने नव्हे, सुईच्या टोकाने एकेक उचलून सोडवले. जुन्या कपड्याचे टाके असेच सोडवायचे असतात. दीड इंच बाही खाली आणली, उरलेल्या अर्ध्या इंचाला आतून वेगळी पट्टी जोडली, ओलं फडकं ठेवून इस्त्री केली. जुन्या दुमडीची रेघ तरी राहिलीच, आणि रेघेच्या खाली दीड इंच रुंद पट्टा उघडा पडला.

आम्ही सगळे तो पट्टा बघत राहिलो. घरात सर्वांच्या आठवणीत तात्यांचा कोट राखाडी होता. माझ्याही. त्या पट्ट्यावर कधी ऊन पडलं नव्हतं. तो गडद निळा होता, परवाच दुकानातून आणल्यासारखा.

शिंप्याने विचारलं, "ताई, हा पट्टा वेगळा दिसतोय. रंग मारून बाकीच्यासारखा करून देऊ का?"

"नको," पुतण्याच म्हणाला, "राहू दे तसाच."

चतुर्थीला त्याने तो कोट घातला. खांद्यात नीट बसला, छातीत चार इंच मोकळा, आणि दोन्ही मनगटांवर दीड-दीड इंच निळा.